नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

मराठीतील ‘लागणे’ या क्रियापदाचा विस्तार विचार करण्याजोगा आहे. सूर लागतो, ठेच लागते, ऊन लागते, एखाद्याचे बोलणे लागते. बाहेरचे काही आत पोचणे आणि आतले काही दुखावणे, या दोन्ही घटनांना ते सामावून घेते. माझ्या लहानपणी आई शेजारणींना सांगत असे, ‘ह्याला सगळंच फार लागतं.’ त्या वाक्यात तक्रार होती, थोडे कौतुकही होते. निदान मात्र नव्हते.

जुना जालन्यातील माझे घर रेल्वे स्टेशनपासून फार दूर नाही. गाडीची शिट्टी मला कधी त्रास देत नाही; परंतु ताटावर चमचा घासल्याचा आवाज आला की मी पंगतीतून उठतो. ट्यूबलाइटची गुणगुण इतरांना ऐकूही येत नाही, मला तिच्याखाली वाचता येत नाही. सदऱ्याच्या गळ्याजवळची पट्टी कापल्याखेरीज मी तो घालत नाही. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे पाहिले, तर त्याचे शब्द हरवतात. विभागात हे ‘सरांचे तऱ्हेवाईकपण’ म्हणून चालून जाते. काही वर्षांपूर्वी स्वमग्नतेची लक्षणे वाचताना मात्र मनात आले, हे आपलेच वर्णन तर नव्हे? येथे मला जो प्रश्न महत्त्वाचा वाटतो, तो वैद्यकीय नसून नैतिक आहे: स्वतःला असे नाव देण्याचा अधिकार माणसाला कोठून मिळतो, आणि ते दिल्यावर त्याच्यावर कोणते उत्तरदायित्व येते?

लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये व हान्स आस्परगर यांनी १९४४ मध्ये अशा मुलांची वर्णने प्रसिद्ध केली. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत ध्वनी, स्पर्श, प्रकाश यांच्याविषयीच्या तीव्र वा मंद प्रतिसादाला निकषांमध्ये स्पष्ट स्थान मिळाले ते २०१३ च्या आवृत्तीत. परंतु तेवढ्यावरून निदान होत नाही. सामाजिक देवाणघेवाणीतील अडचण, बालपणापासूनचा इतिहास आणि दैनंदिन व्यवहारात होणारी बाधा हेही पाहावे लागते. नुसती संवेदनतीव्रता चिंताविकारात आढळते, आणि कोणताही विकार नसतानाही आढळते.

आपल्या भाषेने या अवस्थेला दिलेले नावही तपासण्यासारखे आहे. ‘स्वमग्न’ म्हणजे स्वतःत बुडालेला. वस्तुतः ज्याला सगळेच लागते, त्याची अडचण नेमकी उलटी असते. जग त्याला स्वतःत बुडू देत नाही. जो कान झाकून घेतो, तो जगाला नाकारतो असे पाहणाऱ्याला वाटते. म्हणजे हे नाव आतल्या अनुभवाचे नसून बाहेरून पाहणाऱ्याच्या तर्काचे आहे. मराठीत ‘नाव ठेवणे’ आणि ‘नावे ठेवणे’ यांत एका मात्रेचेच अंतर आहे, हे येथे आठवते.

ते अंतर मीही ओलांडले आहे. एका मौखिकीत एक विद्यार्थी सर्व वेळ टेबलाच्या कडेकडे पाहत उत्तरे देत होता. उत्तरे बरोबर होती. मी शेरा लिहिला: ‘आत्मविश्वासाचा अभाव.’ जी सवय मी स्वतःच्या ठायी क्षम्य मानत होतो, तिलाच मी त्याच्या ठायी न्यून ठरवले. आज त्याच्यावर एखादे निदान चिकटवावे, तर तीही दुसरी आगळीकच होईल. मला त्याच्याविषयी काहीच ठाऊक नव्हते.

अशा वेळी म्हाइंभटांची आठवण होते. ‘श्रीगोविंदप्रभुचरित्रा’त रिद्धपूरच्या गुंडम राउळांच्या खाण्यापिण्याच्या लहरी, त्यांचे एकट्याचे खेळ, अकस्मात येणारा राग हे सारे नोंदलेले आहे. गावातल्या काहींना ते वेडे वाटत. महानुभावांना ते ईश्वरावतार. आजची निदाने त्यांच्यावर लादणे हा चरित्राचाही अवमान ठरेल. लक्षणीय आहे ती चरित्रकाराची शिस्त. कृती जशी घडली तशी सांगावी, तिचे स्पष्टीकरण देण्याची घाई करू नये. श्रद्धेने ही शिस्त मोडली नाही, उलट तिला बळ दिले. माझा शेरा ही नोंद नव्हती, निवाडा होता.

मर्ढेकरांनी ‘वाङ्मयीन महात्मता’ (१९४१) मध्ये आत्मनिष्ठेचा निकष मांडला, तेव्हा ती लेखनगर्भ असावी असा त्यांचा आग्रह होता. लेखकाने आपल्या प्रामाणिकपणाची ग्वाही देणे पुरेसे नाही. तो लेखनातच प्रत्ययाला यावा लागतो. आत्मनिदानालाही हाच न्याय लावता येईल. ‘मी असा आहे’ या विधानाची सत्यता ते उच्चारताना वाटणाऱ्या सुटकेवरून ठरत नाही. ती सुटका खरी असते, हे मी अनुभवाने सांगतो. इतक्या वर्षांचा अपराधभाव एका शब्दाने हलका होतो. परंतु तो शब्द केवळ माझ्यासाठी सवलत मागत असेल आणि दुसऱ्याचे ‘लागणे’ मला दाखवीत नसेल, तर ते निदान नव्हे, अलंकार होय.

शिवाय हा अलंकार सर्वांना परवडत नाही. माझी नोकरी कायम आहे. माझ्या तऱ्हा ‘प्राध्यापकी’ म्हणून खपतात. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये रात्रपाळी करणाऱ्याला लोखंडाचा आवाज लागतो की नाही, हे कोणी विचारत नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. ज्या मुलाचे शिक्षण त्या प्रमाणपत्रावर अवलंबून आहे, त्याच्यासाठी हे नाव चिंतनाचा विषय नसून गरज आहे. तेव्हा माझ्या शंकेने तज्ज्ञाकडे जावे किंवा शंका म्हणूनच राहावे. तिने निश्चितीचा आव आणू नये.

मी अद्याप तज्ज्ञाकडे गेलेलो नाही, आणि म्हणून ते नाव माझे आहे असे म्हणत नाही. मात्र शंकेलाही काही कर्तव्ये असतात. मौखिकीत आता मी उत्तरे ऐकतो, डोळे तपासत नाही. सुरुवातीलाच सांगतो की कोठेही पाहून बोलले तरी चालेल. त्या जुन्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरील माझा निवाडा त्यामुळे पुसला जात नाही. तो मला लागतो, आणि लागत राहावा.