समजूतदार मुलगी

‘फार समजूतदार आहे हो, कधी काही मागत नाही.’ घरातल्या मुलीचे कौतुक करताना आपण सहज असे म्हणतो. या वाक्याकडे आज जरा थांबून पाहूया.

2020 मध्ये कोरोनामुळे देशातील सुमारे 15 लाख शाळा बंद झाल्या. युनिसेफच्या माहितीनुसार त्याचा परिणाम 24 कोटी 70 लाख मुलांवर झाला. वर्ग मोबाईलवर भरू लागले. आमच्या घरी स्मार्टफोन एकच होता. मी बारावीत होतो, धाकटी बहीण सातवीत. साहजिकच फोन माझ्याकडे राहिला आणि ती भांडी, धुणी, आजीची औषधे यांत आईच्या हाताशी राहिली. तिने एकदाही तक्रार केली नाही. मीही मनात म्हटले, किती समजूतदार!

पुढे शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी घरी येऊन ती म्हणाली, “दादा, आज किती दिवसांनी मी मोठ्याने हसले!” मला काय बोलावे ते सुचेना.

मित्रांनो, मुलगा कट्ट्यावर गेला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. अनेक मुलींना मात्र घराबाहेर पडायला शाळा हेच एक कारण असते. पाळीविषयीची शंका, मनातली भीती, सगळे मैत्रिणीशी बोलता येते. घरी लग्नाची बोलणी सुरू झाली, तर उतरलेला चेहरा पाहून एखाद्या बाई विचारपूस करतात. शाळा बंद झाली आणि हा सारा आधार एकदम सुटला. या काळानंतर जगभरातील 1 कोटी 10 लाखांहून अधिक मुली कदाचित शाळेत परतणार नाहीत, असा इशारा युनेस्कोने दिला होता.

कोणी म्हणेल, घरातील काम ही सेवाच नाही का? जरूर आहे. पण सेवा मनापासून स्वीकारलेली असते. जिला ‘नाही’ म्हणायची मोकळीकच नव्हती, तिच्या कष्टांना सेवा म्हणून आपण आपली सोय झाकतो. त्यागाचेही तसेच आहे. ज्याच्या हाती काही असते, तोच त्याग करू शकतो. फोन माझ्या हाती होता. त्यागाची संधी माझी होती. दिवसातला एक तास तिला देणे मला सहज जमले असते. ते मला सुचलेही नाही.

आता शाळा सुरू आहेत. तरीही घरात कोणी आजारी पडले किंवा पाहुणे आले, की आधी कोणाची शाळा बुडते? आपणच पाहा. आज आपल्या घरातील मुलीला एवढेच विचारूया, “तुला काय हवे आहे?” ती लगेच ‘काही नाही’ म्हणेल. तरी तिच्याजवळ थोडा वेळ बसूया. मागण्याची सवय सुटलेल्या मुलीला उत्तर सापडायला वेळ लागतो.