चोवीस चित्रे आणि वैकुंठगमन

चित्रपटाच्या पडद्यावर हलत काहीच नसते. दर सेकंदाला 24 स्थिर चित्रे घेतली जातात, त्याच वेगाने ती दाखवली जातात, आणि जुन्या प्रक्षेपकात एक चित्र सरकून दुसरे जागेवर येईपर्यंत प्रकाशापुढे झडप येत असल्यामुळे प्रेक्षक खेळाचा बराच वेळ नकळत अंधारातच बसलेला असे. मूकपटांच्या काळात हा वेग यंत्राची मूठ फिरवणाऱ्याच्या हातावर अवलंबून होता. बोलपट आले तेव्हा ध्वनी नीट उमटावा, पण फिल्मही फार खर्ची पडू नये, म्हणून तो 24 वर स्थिरावला. ज्या आकड्याला आज सिनेमाचा प्राण मानले जाते, तो असा हिशेबातून जन्मला आहे.

2012 साली ‘द हॉबिट’ 48 चित्रांच्या वेगाने आला, 2016 साली आंग ली यांनी 120 चा वेग वापरला, आणि पुष्कळ प्रेक्षकांची तक्रार अशी की इतक्या स्पष्टतेत पात्र हरवून रंगवलेला नट तेवढा दिसतो. या तक्रारीमागे दर्शनशास्त्रातला एक जुना प्रश्न आहे: सुट्या क्षणांना सलगता कोठून येते? गौडपादांच्या कारिकांतील चौथ्या प्रकरणात अलातचक्राचा, म्हणजे जळते कोलीत गरगर फिरवल्यावर दिसणाऱ्या अग्निवर्तुळाचा, दृष्टान्त आहे. ते वर्तुळ कोलितातून बाहेर पडत नाही आणि कोलीत थांबल्यावर त्यात परतही जात नाही. वस्तू क्षणोक्षणी नवी असते असे मानणाऱ्या बौद्ध क्षणभंगवादाच्या दृष्टीने 24 ची 120 केल्याने सत्य तसूभरही जवळ येत नाही, फटी तेवढ्या बारीक होतात. अधिक वेग म्हणजे अधिक सत्य, हा युक्तिवाद येथेच लंगडा पडतो.

मग निवड कशावर करायची? येथे प्रभातचा 1936 चा ‘संत तुकाराम’ आठवणे स्वाभाविक आहे. दामले आणि फत्तेलाल यांच्या या चित्रपटात विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले, आणि शेवटी गरुडाचे विमान त्यांना वैकुंठाला नेते. ते विमान 120 चित्रांत दाखवले तर लाकूड, रंग आणि दोर तेवढे उरतील. मूर्ती घडवणारा कारागीर त्वचेचे प्रत्येक छिद्र कोरत नाही, कारण उरलेले भक्ताने भरायचे असते. कमी चित्रांचा वेग प्रेक्षकाला तसेच काम देतो.

यावर एक सबळ आक्षेप आहे. पंढरपूरच्या गाभाऱ्याचे किंवा पालखीचे थेट प्रक्षेपण दूरचित्रवाणीवर चित्रपटाहून नितळ गतीने दिसते, तरीही माणसे घरात हात जोडतात. आक्षेप खरा आहे, पण त्यातून भेद अधिक स्वच्छ होतो: थेट प्रक्षेपणात पालखी आत्ता चाललेली असते आणि नितळ गती त्या ‘आत्ता’ची साक्ष देते, तर चित्रपट हे कीर्तनकाराच्या आख्यानासारखे घडून गेलेले, सांगितले जाणारे असते. हा केवळ सवयीचा परिणाम आहे असे कोणी म्हटल्यास ते पूर्णपणे खोडता येत नाही. मात्र कीर्तन ऐकण्याचीही सवयच लागते, म्हणून ते खोटे ठरत नाही.

एकाच चित्रपटात दोन वेग मिसळण्याची सोय आता आहे, आणि जेम्स कॅमेरून यांनी 2022 च्या ‘अवतार’मध्ये ती वापरलीही. त्या हिशेबाने ‘संत तुकाराम’मध्ये तुकोबांची पत्नी जिजाई हिचे चूल, पोरे आणि म्हैस यांचे जग कितीही नितळ गती सोसेल, वैकुंठाला 24 पुरतील. अडचण शेवटच्या प्रसंगाची आहे, जेथे विमान वर निघालेले असते आणि जिजाई खाली जमिनीवर उरलेली असते.