इलेक्ट्रॉनचा फोटो निघत नसतो

भिवंडीच्या कुठल्याही यंत्रमागाच्या कारखान्यात धोटा धड दिसत नाही. दिसतो तो ताण्यातून सर्रकन गेलेला एक पुसट पट्टा. मिनिटाला सव्वाशे पिक, म्हणजे धोट्याच्या खेपा, पडत असतील तर एका पिकाच्या वाट्याला अर्धा सेकंदही येत नाही, आणि डोळ्याची धाव तिथे संपते. धोटा कुठून कसा जातो हे पाहायचेच असेल तर त्यावर जुना उपाय आहे. अंधार करायचा आणि मागाच्या गतीशी जुळवलेला, क्षणभर लखलखून विझणारा दिवा लावायचा. प्रत्येक लखलखाट धोट्याला त्याच जागी गाठतो आणि धोटा हवेत थबकल्यासारखा दिसतो. दिव्याची वेळ जराजराशी पुढे सरकवत नेली की त्याची सगळी वाट उलगडते. 3 ऑक्टोबर 2023 रोजी पिएर अगोस्टिनी, फेरेन्स क्राउस आणि ॲन लुइलिए यांना ॲटोसेकंद लांबीचे प्रकाशस्पंद निर्माण करण्याच्या पद्धतींसाठी भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा या संशोधनाचे वर्णन बहुतेक ठिकाणी याच धर्तीवर झाले: इलेक्ट्रॉन फार चपळ, म्हणून त्याला पकडायला तितकाच आखूड लखलखाट हवा; तो मिळाला आणि इलेक्ट्रॉनचा कॅमेरा तयार झाला. हे वर्णन अर्धेच खरे आहे. आणि जी अर्धी बाजू चुकते, तिच्यातच या संशोधनाची खरी कमाई झाकली जाते.

आधी जे खरे आहे ते. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जांश भागाचा पुन्हा अब्जांश. एका सेकंदात जितके ॲटोसेकंद, ढोबळमानाने तितके सेकंद विश्वाच्या वयात, ही तुलना नोबेलच्या त्या आठवड्यात सर्वांनीच केली. ती बरोबर आहे, पण तिच्यातून चक्रावण्यापलीकडे काही हाती लागत नाही. त्यापेक्षा हे बरे: एका ॲटोसेकंदात प्रकाश 0.3 नॅनोमीटर जातो, म्हणजे साधारण पाण्याच्या एका रेणूएवढे अंतर. इतका आखूड स्पंद साध्या लेझरमधून निघू शकत नाही, कारण 800 नॅनोमीटरच्या लेझर प्रकाशाची एक लहरच 2.7 फेम्टोसेकंद, म्हणजे 2700 ॲटोसेकंद घेते, आणि लहरीपेक्षा स्पंद फारसा आखूड होत नाही. वाट सापडली ती वेगळ्याच बाजूने. 1987 साली फ्रान्समधील साक्ले इथे लुइलिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आर्गॉन वायूवर तीव्र अवरक्त लेझर टाकला, तेव्हा वायूतून मूळ वारंवारतेच्या कितीतरी विषम पटींचा प्रकाश बाहेर पडला. नवल असे की पट वाढत गेली तरी तीव्रता अपेक्षेप्रमाणे कोसळली नाही, बऱ्याच पटींपर्यंत सपाट राहिली. 1993 साली पॉल कॉर्कम यांनी याची सोपी उकल मांडली. लेझरचे विद्युतक्षेत्र अणूची भिंत वाकवते, इलेक्ट्रॉन त्यातून निसटतो. अर्ध्या लहरीनंतर क्षेत्राची दिशा उलटते आणि इलेक्ट्रॉन परत अणूवर येऊन आदळतो. मधल्या वेळात कमावलेली ऊर्जा तो प्रकाशाच्या झटक्यात सोडून देतो. दर अर्ध्या लहरीला एक झटका. 2001 साली अगोस्टिनींच्या गटाने अशा झटक्यांची माळ मोजली, त्यातला प्रत्येक 250 ॲटोसेकंदांचा. त्याच वर्षी व्हिएन्नात क्राउस यांच्या गटाने 650 ॲटोसेकंदांचा एक सुटा स्पंद वेगळा काढला. म्हणजे इलेक्ट्रॉनला प्रश्न विचारण्यासाठी लागणारा दिवा इलेक्ट्रॉननेच पेटवून दिला.

आता मागाच्या दिव्याची उपमा कुठे तुटते ते पाहू. एका बाबतीत ती अणूपुढे कमी पडते. धोट्याचे थबकलेले चित्र शेकडो पिकांतून जुळवलेले असते, आणि कुठलेही दोन पिक तंतोतंत सारखे नसतात. प्रयोगशाळेत तर प्रत्येक स्पंदाला वायूतले नवेच अणू सामोरे येतात, पण निऑनचे दोन अणू हुबेहूब एकच असतात; तिथे जुळवाजुळव जास्त विश्वासार्ह. दुसरी अडचण मात्र मुळावर येणारी आहे. दिवा विझला तरी धोटा धावत असतो. अणूतला इलेक्ट्रॉन स्थिर अवस्थेत असताना तसा धावत नसतो: त्याची घनता काळागणिक तसूभरही बदलत नाही, मग लखलखाट कितीही आखूड असो, पाहण्यासारखे काही घडतच नाही. हालचाल सुरू होते ती दोन वेगवेगळ्या ऊर्जेच्या अवस्था एकत्र मिसळल्यावर. हायड्रोजनच्या तळाच्या आणि तिच्या लगतच्या वरच्या अवस्थेत 10.2 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फरक आहे. त्यांचे मिश्रण केले की इलेक्ट्रॉनची घनता सुमारे 400 ॲटोसेकंदांत एक झोका पूर्ण करते. हे मिश्रण करायला आधी बाहेरून धक्का द्यावा लागतो. म्हणजे ॲटोसेकंद विज्ञान नुसते पाहत नाही. आधी ढवळते, मग पाहते.

यावर वर्णपटशास्त्राचा जाणकार लगेच विचारील: झोक्याचा काळ ऊर्जेच्या फरकावरूनच मिळतो आणि तो फरक आम्ही शंभर वर्षांपासून अचूक मोजत आलो आहोत, मग एवढा खटाटोप कशाला? हा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याचे उत्तर उदाहरणानेच देता येते. 2010 साली एलेफ्थेरिओस गुलिएलमाकिस आणि सहकाऱ्यांनी क्रिप्टॉनच्या आयनात रिकाम्या झालेल्या जागेचे आंदोलन मोजले. काळ निघाला सहा फेम्टोसेकंदांच्या थोडा वर, अगदी जुन्या वर्णपटावरून निघावा तेवढाच. काळ नवा नव्हता. नवे होते ते हे की दोन अवस्था एकमेकींशी किती सुसंगत आहेत आणि झोक्याच्या कुठल्या टप्प्यावर आहेत, म्हणजे त्यांची फेज, आयन तयार होतानाच वाचता आली. साधा वर्णपट तीव्रता नोंदवतो आणि फेज पुसून टाकतो. मागाच्या मोटरीला येणाऱ्या तीन फेजच्या तारांत व्होल्टेज तेच असते, वारंवारता तीच असते. फरक फक्त कोण कोणाच्या किती मागे आहे एवढाच. दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते, आणि एकेका तारेवर मीटर लावून बघणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. ॲटोसेकंद स्पंदांनी जे मिळवून दिले ते इलेक्ट्रॉनचे चित्र नव्हे. ती ही हरवलेली फेज आहे. माझा मुद्दा एवढाच आहे, आणि निऑनच्या प्रकरणात तो उघड दिसतो.

निऑनच्या अणूवर पुरेशा ऊर्जेचा प्रकाश पडला की त्याच्या बाहेरच्या कवचातून इलेक्ट्रॉन सुटतो, कधी 2एस तर कधी 2पी या उपकवचातून. दोन्ही एकाच क्षणी निघतात असे गृहीत धरायला कोणाचीच हरकत नव्हती. 2010 साली क्राउस यांच्या गटाने 200 ॲटोसेकंदांहून आखूड स्पंद वापरून दाखवले की 2पी मधला इलेक्ट्रॉन सुमारे 21 ॲटोसेकंद उशिरा निघतो. स्पंदापेक्षा दहापट लहान अंतर मोजले गेले, याचे कारण मोजणी स्पंदाच्या लांबीची नव्हतीच. सोबत सोडलेल्या लेझर लहरीच्या कुठल्या टप्प्यावर इलेक्ट्रॉन बाहेर आला, हे त्याच्या वेगावरून वाचले होते. पण सिद्धांतवाल्यांची गणिते या आकड्याच्या निम्म्यावरही पोहोचेनात. काही वर्षे गणिते सुधारत राहिली, तफावत हटेना. 2017 साली लुंड इथे लुइलिए यांच्या गटाने हा गुंता सोडवला. 2पी मधला इलेक्ट्रॉन निघताना कधीकधी शेजारच्या इलेक्ट्रॉनला धक्का देऊन वर ढकलतो आणि स्वतः तेवढी ऊर्जा गमावतो. असे कमी ऊर्जेचे इलेक्ट्रॉन 2एस च्या इलेक्ट्रॉनांजवळ येऊन बसतात. एकच आखूड स्पंद वापरला की ऊर्जेची सीमा धूसर होते आणि दोन्ही गर्दीत मिसळतात. लुंडच्या गटाने झटक्यांची माळ वापरली. माळेमुळे ऊर्जेचे कंगव्यासारखे दात सुटे दिसले, दोन्ही प्रकार वेगळे झाले, आणि उशीर गणिताशी जुळला.

या प्रकरणाने अनिश्चितता तत्त्वाचा आक्षेपही निकालात काढला. आक्षेप असा: स्पंद जितका आखूड तितकी त्याची ऊर्जा पसरट, 100 ॲटोसेकंदांच्या स्पंदात किमान 18 इलेक्ट्रॉन-व्होल्टचा पसारा येतोच, मग अशा मापनाला अर्थ काय? कॅमेऱ्याच्या भाषेत या प्रश्नाला उत्तर नाही. फेजच्या भाषेत आहे: ऊर्जेनुसार फेज किती बदलते, त्यातूनच उशीर निघतो, हे युजीन विग्नर यांनी 1955 सालीच सांगितले होते, आणि ते मोजायला काळ व ऊर्जा दोन्ही हव्यात, एकाला सोडून दुसऱ्याच्या मागे धावून चालत नाही. 1925 साली हायझेनबर्ग यांनी अणूतल्या कक्षा दिसत नाहीत, म्हणून त्या सिद्धांतातूनच काढून टाकल्या. आज मागच्या दाराने कक्षा परत आल्या, असे कोणी समजू नये. निऑनच्या प्रयोगात कोणीही इलेक्ट्रॉनची वाट पाहिली नाही. दोन इलेक्ट्रॉनांमधला उशीर मोजला, आणि उशीर ही हायझेनबर्ग यांनाही मान्य व्हावी अशी, मोजता येणारी राशी आहे.

चित्राचा मोह किती फसवा असतो, हे सध्या पवईच्या आयआयटीत असलेल्या गोपाल दीक्षित यांच्या जुन्या कामात स्वच्छ दिसते. 2012 साली ओरिओल व्हेंड्रेल आणि रॉबिन सांत्रा यांच्यासह त्यांनी एक साधा वाटणारा प्रश्न तपासला: हलत्या इलेक्ट्रॉनवर अतिशय आखूड क्ष-किरण स्पंद टाकला तर विखुरलेल्या किरणांतून त्या क्षणीची इलेक्ट्रॉन घनता मिळेल का? स्थिर रेणूंच्या बाबतीत क्ष-किरण हेच करतात आणि सगळे स्फटिकरचनाशास्त्र त्यावर उभे आहे. हायड्रोजनच्या अणूवर गणित करून त्यांनी दाखवले की हलत्या इलेक्ट्रॉनच्या बाबतीत हे खरे नाही. मिळते ते घनतेचे चित्र नसून वेगवेगळ्या जागा आणि वेळांमधल्या घनतेचे परस्परसंबंध. स्पंद कितीही आखूड करा, हे बदलत नाही. आखूड दिवा म्हणजे स्पष्ट फोटो, हे समीकरण इथे संपते.

उरला ढवळण्याचा आक्षेप: तुम्हीच धक्का देता आणि त्याचीच हालचाल मोजता, मग निसर्गाबद्दल काय कळले? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतला एक प्रयोग याला चांगले उत्तर देतो. दीपक माथूर आणि सहकाऱ्यांनी 2009 साली पाण्याच्या रेणूंवर सुमारे 10 फेम्टोसेकंदांचे तीव्र लेझर स्पंद टाकले. प्रचलित समज असा की इतक्या जोराच्या क्षेत्रात रेणूचे इलेक्ट्रॉन उडतात आणि उरलेले धनभार एकमेकांना ढकलून रेणू फुटतो: ऑक्सिजन एकीकडे, हायड्रोजन दुसरीकडे. पण त्यांना हायड्रोजनच्या दोन अणूंचा जोडलेला आयन सापडला. म्हणजे रेणू फुटण्याआधी, एकाच स्पंदाच्या आत, दोन्ही हायड्रोजन ऑक्सिजनला सोडून एकमेकांशी जुळले. गणिताने दाखवले की त्यासाठी बंध थोडा ताणला जाऊन त्यांच्यामधला कोन 120 अंशांपर्यंत उघडावा लागतो. तुलनेसाठी त्यांनी सिलिकॉनच्या वेगवान आयनांचे निष्कर्ष घेतले, ज्यांचे क्षेत्र रेणूला जेमतेम 300 ॲटोसेकंद जाणवते, आणि अशा पुनर्रचनेला किती जोर व किती वेळ लागतो याची मर्यादा आखली. धक्का इथे प्रयोगातला दोष नाही. धक्का दिल्याविना ही मर्यादा मोजताच आली नसती, आणि कोणत्याही रासायनिक क्रियेची सुरुवात असल्याच कुठल्यातरी धक्क्याने होते. 2014 साली इटालियन गटाने फेनिलॲलनिन या अमिनो आम्लात 4.3 फेम्टोसेकंदांचे भाराचे आंदोलन नोंदवले, तेही भार पाहून नव्हे; फुटलेल्या तुकड्यांची संख्या दोन स्पंदांमधल्या उशिरानुसार कशी वर-खाली होते हे मोजून. दोन्हीकडे निष्कर्ष तर्काने काढलेला आहे, म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही.

आणि भिवंडीच्या मागाला याचा उपयोग काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर आहे: आज काहीच नाही. उन्हात कापडाचा रंग उडतो त्याची सुरुवात इलेक्ट्रॉन वरच्या अवस्थेत जाण्यापासून होते हे खरे; पण तेवढ्यावरून पक्का रंग बनेल असे म्हणणे थापेबाजी होईल. उपयोगाचे आश्वासन देऊन पैसा मागण्याची सवय आपल्या विज्ञानलेखनाला लागली आहे, ती सुटलेली बरी. तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. 2013 साली क्राउस यांच्या गटाने विसंवाहक काचेत, म्हणजे क्वार्ट्झसारख्या सिलिकात, दोन लहरींपेक्षाही आखूड लेझर स्पंदाने वीजप्रवाह निर्माण केला; काच फेम्टोसेकंदांपुरती वाहक झाली आणि पुन्हा विसंवाहक झाली. प्रवाह कोणत्या दिशेने जाणार हे स्पंदाच्या ताकदीवर ठरत नव्हते, तर स्पंदाच्या आवरणाच्या आत लहरीचा माथा नेमका कुठे येतो यावर, म्हणजे तिच्या फेजवर. त्याच वर्षी कुलाब्यात माथूर यांच्या गटाने फेज जखडलेल्या आखूड स्पंदांनी झेनॉन आणि कार्बन डायसल्फाइड यांचे आयन तयार केले आणि आयनीभवनावर या फेजचा परिणाम मोजला. यातून उद्याची संगणकाची चिप निघेल की नाही हे सिलिकाचे भौतिकशास्त्र आणि कारखानदारी मिळून ठरवतील. प्रयोगशाळेच्या हाती आज आहे ती फेज मोजण्याची आणि जखडण्याची रीत.