उंबरठ्याच्या आत

महामारीच्या काळातील परिचारिकांच्या रुग्णालयाबाहेरील जीवनावर भोपाळात अनुबोधपट काढावयाचा झाल्यास पहिला प्रश्न येतो तो यंत्रसामग्रीचा नव्हे, अधिकाराचा. गणवेश उतरवून परिचारिका आपल्या घरात शिरली, की तेथे समाजाचा अधिकार संपतो.

मग कॅमेरा दाराबाहेरच ठेवावा काय? तेही न्याय्य नव्हे. २२ मार्च २०२० रोजी देशाने आरोग्यसेवकांसाठी टाळ्या वाजविल्या. आणि एकाच महिन्याने, २२ एप्रिलला, त्यांना हिंसेपासून संरक्षण देणारा वटहुकूम काढावा लागला. त्यांचे राहणे दुष्कर करणारा छळही त्यात गुन्हा ठरला. घरापर्यंत पोहोचलेले हे दुःख कोणी दाखविलेच नाही, तर लोकांच्या स्मरणात टाळ्याच तेवढ्या उरतील.

तथापि भोपाळला अशा चित्रणाचा एक जुना अनुभव आहे. १९८४ च्या वायुकांडात मातीआड होणाऱ्या एका बालकाचे पाब्लो बार्थोलोम्यू यांनी टिपलेले छायाचित्र जगभर गेले. बालक मात्र अनामच राहिले. त्याची संमती घेणे कोणालाही शक्य नव्हते. परिचारिकेची ती घेता येते, म्हणूनच घेणाऱ्याचे कर्तव्य अधिक कठोर होते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. कायद्याला सहीचा कागद पुरेल. नीतीला पुरणार नाही. थकल्या माणसाचा होकार पुष्कळदा भिडेपोटी आलेला असतो. म्हणून तयार झालेला पट तिने प्रथम घरच्या मंडळींसह पाहावा, आणि नको तो भाग गाळण्याबाबत तिचाच शब्द अखेरचा असावा. पट थोडा तोकडा झाला तरी चालेल.