रहस्यकथांचा वाचक मालगुडीत

ग्रॅहम ग्रीन हे नाव घेतले की पाठलाग आठवतो. हेर, खुनी, पळणारा एक माणूस आणि त्याच्या मागावर असलेले चार, हा त्यांचा प्रांत. ‘स्तंबूल ट्रेन’ १९३२ ची, ‘अ गन फॉर सेल’ १९३६ ची, ‘ब्राइटन रॉक’ १९३८ ची. नेमक्या याच वर्षांत त्यांच्या हाती म्हैसूरच्या एका तरुणाचे हस्तलिखित पडले. त्यात ना खून, ना हेर. एक शाळकरी पोरगा, त्याला असलेला गणिताचा धसका, मित्रांनी उभा केलेला क्रिकेटचा संघ आणि घरातली आजी, एवढाच ऐवज. प्रकाशकांकडून ते साभार परत येत होते. कंटाळून लेखकाने इंग्लंडमधल्या आपल्या मित्राला, किट्टू पूर्णाला, कळवून टाकले की त्या बाडाला दगड बांध आणि थेम्स नदीत बुडव. पूर्णाने ते बुडवले नाही, ग्रीन यांच्याकडे नेऊन दिले. ग्रीननी हॅमिश हॅमिल्टन या प्रकाशकाकडे शब्द टाकला आणि १९३५ साली ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ बाहेर पडले. लेखकाचे लांबलचक नाव आटोपशीर होऊन आर. के. नारायण झाले, तेही ग्रीन यांच्याच सांगण्यावरून.

या हकिकतीत नारायण यांच्या नशिबाचे कौतुक सगळेच करतात. मला त्यातले दुसरे काही महत्त्वाचे वाटते. ज्याचा हात उत्कंठा ताणण्यात बसलेला होता, त्याच माणसाला या संथ लेखनाची किंमत पहिल्यांदा कळली. हा योगायोग नसावा, असे माझे मत आहे आणि ते नारायण यांच्याच एका कादंबरीच्या आधाराने मांडायचे आहे.

मी रहस्यकथांवर पोसलेला वाचक. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड वाचनालयातून घरी येत तेव्हा मुखपृष्ठ गेलेले असे आणि पानांचे कोपरे कुरतडलेले असत. नंतर भयकथा लिहिणारे धारप आले, परदेशी डिटेक्टिव्ह आले. मराठी वाचकांचा दुसरा मोठा वर्ग ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांचा; ‘स्वामी’, ‘मृत्युंजय’, ‘पानिपत’ अशी त्याची वाट ठरलेली. दोन्ही वर्गांची एक अपेक्षा समान असते: पुढे काय होणार? ज्या पुस्तकात पुढे फारसे काही होणार नाही असे पहिल्या वीस पानांत कळते, ते बाजूला पडते. म्हैसूरला मुक्काम पडला आणि गावाचा लेखक म्हणून नारायण यांची ‘द इंग्लिश टीचर’ हाती घेतली, तेव्हा माझी अपेक्षाही तीच होती.

कादंबरी १९४५ ची. कृष्णन हा मालगुडी या नारायण यांच्या कल्पित गावातल्या कॉलेजात इंग्रजी शिकवणारा तरुण, वसतिगृहातून उठून बायको सुशीला आणि लहानग्या लीलासह घर मांडतो. मग पानेच्या पाने संसार. महिन्याचे वाणसामान, सुशीलेचा काटेकोर हिशेब, कृष्णनचे एक जुनाट गजराचे घड्याळ. हे घड्याळ मनाला येईल तेव्हा वाजते आणि त्याचे तोंड बंद करायला त्याच्यावर इंग्रजी वाङ्मयेतिहासाचा जाडजूड ग्रंथ ठेवावा लागतो. एक दिवस सुशीला ते रद्दीवाल्याला विकून टाकते. त्यावरून भांडण, अबोला, मग समेट. वाचणाऱ्याला वाटते, हे छान आहे, पण गोष्ट कुठे आहे?

गोष्ट सुरू झालेली असते. दोघे नवे घर बघायला जातात. घर तिला आवडते, परसू आवडते. ती मागच्या बाजूच्या संडासात जाते, दार अडकते, आत घाण आणि माश्या. दार उघडून बाहेर काढेपर्यंत ती भेदरून गेलेली असते. नारायण या प्रसंगाला दोन-तीन पाने देतात आणि पुढे सरकतात. खाली रेघ मारत नाहीत. थोड्याच दिवसांत सुशीलेला ताप येतो. डॉक्टर आधी मलेरिया समजून औषध देतात, मग टायफॉइड म्हणतात. कृष्णनच्या सासूबाईंच्या मते मुलीला दृष्ट लागली आहे, म्हणून त्या मांत्रिकाला बोलावतात. तो मंत्र पुटपुटत असतानाच डॉक्टर येतात. शिकलेला कृष्णन शरमतो, डॉक्टर मात्र त्या माणसाचा मान राखून वागतात.

रहस्यकथांचा वाचक इथे ताठ होऊन बसतो. त्या माश्या, ते दार, डॉक्टरांनी आधी केलेले निदान: सगळे धागेदोरे लेखकाने आपल्यासमोर उघड्यावर ठेवले होते, बोलता बोलता, वाणसामानाच्या यादीच्या आसपास. अर्नाळकरांनी याहून वेगळे काय शिकवले? टेबलावरची राख, उलटा पडलेला जोडा, क्षुल्लक दिसणाऱ्या वस्तूकडे नीट बघ, हेच ना? फरक शेवटच्या प्रकरणात आहे. तिथे सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून उलगडा करणारा कोणी इथे येत नाही. माशी, दृष्ट, नशीब, डॉक्टर. कोणावरच बोट ठेवले जात नाही. सुशीला जाते आणि तिची अंत्ययात्रा नारायण इतक्या साध्या, कोरड्या वाक्यांत लिहितात की एकेक क्रिया डोळ्यांपुढून हलत नाही.

आजाराच्या त्या प्रकरणांचा संथपणा हाही लेखकाचा लहरीपणा नाही. तेव्हा टायफॉइडवर प्रतिजैविक नव्हते. क्लोरँफेनिकॉल वापरात आले ते १९४८ च्या सुमारास. त्याआधी तीन आठवड्यांचा ताप, तक्त्यावर भरायचे आकडे, पथ्य, शुश्रूषा आणि वाट बघणे एवढेच हाती असे. घरातल्या माणसाने ते दिवस ज्या गतीने काढले, त्याच गतीने वाचकालाही काढावे लागतात. भराभर पाने उलटली तर या कादंबरीतले मुख्य तेच निसटते.

नारायण यांनी ते दिवस स्वतः काढले होते. १९३४ मध्ये राजम यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि १९३९ मध्ये टायफॉइडने त्या गेल्या. मुलगी हेमा तेव्हा जेमतेम तीन वर्षांची. ‘माय डेज’ या आत्मकथनात त्यांनी सांगून ठेवले आहे की या कादंबरीत कल्पित भाग फार थोडा आहे. उत्तरार्धात कृष्णन एका माणसाच्या मध्यस्थीने मृत पत्नीशी संवाद साधू लागतो, तेही लेखकाच्या मद्रासमधल्या अनुभवावरून आलेले. या उत्तरार्धावर बरीच टीका झाली. माझेही मत असे की कादंबरी म्हणून तो भाग विसविशीत आहे. पहिल्या भागातली प्रत्येक वस्तू हाताला लागते, इथे बरेच काही सांगितले जाते. तरी तो वगळावा असे मी म्हणणार नाही. कारण त्याच भागात मुलांची एक छोटी शाळा येते, तिथे रमलेली लीला येते, आणि कॉलेजातली बऱ्या पगाराची नोकरी सोडून कृष्णन त्या शाळेत शिकवायला जातो. हा निर्णय एका परिच्छेदात झाला असता तर तो नाटकी वाटला असता. इतकी पाने त्याच्याबरोबर घालवल्यावर तो आपल्यालाही पटतो. शाळकरी पोरांबद्दलची ही आस्था लेखकात शेवटपर्यंत होती: १९८६ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाल्यावर त्यांनी सभागृहात विषय मांडला तो मुलांच्या पाठीवरच्या दप्तराच्या ओझ्याचा.

म्हैसूरमध्ये यादवगिरी भागात त्यांचे घर आहे. ही कादंबरी लिहून झाल्यानंतरचे हे बांधकाम. पांढरे, दुमजली, एका बाजूला गोलाकार खोली आणि तिला चहूकडे खिडक्या. मधल्या काळात घर विकले गेले, पाडायला सुरुवातही झाली होती. लोकांनी आवाज उठवल्यावर ते वाचले, महापालिकेने दुरुस्त केले आणि २०१६ पासून ते संग्रहालय म्हणून खुले आहे. दसऱ्याला महाराष्ट्रातून बसगाड्या भरून लोक म्हैसूरला येतात, राजवाडा, चामुंडी, वृंदावन करून परततात. ज्या सय्याजीराव रस्त्यावरून जंबू सवारीची मिरवणूक जाते, तो बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा, याचा आपल्याला अभिमान वाटतो. तिथून यादवगिरी फार लांब नाही. तरी तिकडे पावले वळत नाहीत. मालगुडी आपल्याला ठाऊक आहे ते दूरदर्शनवरच्या मालिकेमुळे. ती केली शंकर नाग यांनी; मुंबईच्या मराठी रंगभूमीवर काम करून पुढे गेलेला हा कलावंत. चित्रे आर. के. लक्ष्मण यांची, म्हणजे नारायण यांच्या धाकट्या भावाची, ज्यांना आपण आपलेच मानले आणि ज्यांनी अखेरचा काळ पुण्यात काढला. इतके धागे जुळलेले असताना मूळ पुस्तके मात्र फार थोड्यांनी उघडली आहेत.

यात मराठी वाचकाला परके असे काही नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ १९५५ ची. कोवळा मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा भरवतो, तालीम बांधली जाते, पाऊस दगा देतो, वाडी उठून जाते. प्रकाश नारायण संतांच्या कथांतला लंपन तर ‘स्वामी अँड फ्रेंड्स’मधल्या स्वामीचा जवळचा भाऊबंद शोभेल. सीमाभागातले घर, आजी-आजोबा, कानडी वळणाची मराठी आणि कसलीही घाई नसलेले निरीक्षण. ही पुस्तके ‘हळुवार’ म्हणून बाजूला ठेवली जातात, जणू ती मऊ जेवणासारखी दुखण्यातून उठलेल्यांसाठी आहेत. हे मला मुळीच मान्य नाही. ‘बनगरवाडी’त गाव मरते, ‘इंग्लिश टीचर’मध्ये तरुण बायको मरते, लंपनच्या वाट्यालाही मृत्यू येतो. आवाज चढवलेला नाही म्हणून घाव उथळ ठरत नाही.

म्हणून माझे सांगणे आहे ते खास करून रहस्यकथा आणि ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्यांना. तुमचा डोळा तयार आहे. बारीकसारीक टिपण्याची सवय तुम्हाला आहेच. ती घेऊन या बाजूला या. नारायण यांची पुस्तके रोहन प्रकाशनाने मराठीत आणली आहेत, ‘मालगुडी डेज’ मधुकर धर्मापुरीकरांच्या अनुवादात मिळते. इंग्रजी वाचणाऱ्यांनी मूळच घ्यावे, वाक्ये अगदी सोपी आहेत. काहीच हाती लागले नाही तर जवळच्या वाचनालयात ‘बनगरवाडी’ नक्की असेल. फराळाच्या दिवसांत रोज थोडी थोडी वाचा, एका बैठकीत संपवण्याचा हट्ट मात्र धरू नका.