प्रसाद आणि हक्क

ज्याच्या गाण्यावर सारें जग लुब्ध आहे अशा तरुण गायकाचें मन एका अगदीं साध्या मुलीवर जडतें, ही कथा आजच्या तरुण वाचकांस व प्रेक्षकांस पुन्हा पुन्हा हवी असते. चित्रपटांतून ती येते, कादंबऱ्यांतून येते, आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या मनोराज्यांत तर ती कोणीं न लिहितांच तयार असते. वडील माणसें अशा कथेची थट्टा करून मोकळीं होतात. आम्हांस ती थट्टा पटत नाहीं. ज्या कथेंत इतक्या जणांचा जीव गुंततो, तिच्या पोटीं एखादा खरा प्रश्न असलाच पाहिजे. आमच्या मतें तो प्रश्न असा : हजारों लोक ज्यास ओवाळतात त्यानें सामान्य मुलीवर केलेलें प्रेम हें प्रेम असतें, कीं त्यानें तिच्या ओंजळींत घातलेला तो प्रसाद असतो ?

या प्रकरणांत दोष नेहमीं मुलीस दिला जातो, म्हणून आधीं तिचीच बाजू पाहूं. गायक गातो तो सर्वांसाठीं. परंतु ऐकणाऱ्या प्रत्येकास वाटतें कीं, हें आपल्याच मनांतलें आहे. हा वेडेपणा नव्हे. चांगल्या गाण्याचा तो स्वभावच आहे. सातारा जिल्ह्यांतील औंध या गांवीं १९४० सालीं अंतुबुवा जोशी यांनीं आपले गुरु शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला, व त्यांचे चिरंजीव गजाननबुवा यांनीं तो पुढें चालविला. अशा लहान गांवच्या मैफलींत, गवयापासून चार हातांवर बसलेल्या पोक्त श्रोत्यासही तोच अनुभव येतो. तेव्हां सोळाव्या वर्षीं तो आला म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. चूक होते ती पुढच्या पायरीवर. सुराची ओळख झाली म्हणजे माणसाची ओळख झाली, असें आपण धरून चालतों.

या चुकीचा विचार करावयास याच मुलखांत फार मोठें उदाहरण आहे. जुन्या औंध संस्थानचा मुलूख आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांत विखुरलेला होता, किर्लोस्करवाडी त्यांतलीच. तिच्या जवळच, कृष्णाकांठीं, नागठाणें हें नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांचें गांव. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हेही सांगलीचेच. खाडिलकरांचें ‘संगीत मानापमान’ १२ मार्च १९११ रोजीं रंगभूमीवर आलें, तेव्हां त्यांतील भामिनी बालगंधर्वांनीं रंगविली. श्रीमंत घरची ही भामिनी शूर पण निर्धन धैर्यधरास झिडकारते. पुढें तीच वनमाला हें नांव घेऊन, साध्या मुलीच्या वेषांत त्याच्या सहवासांत येते, आणि तो तिच्यावर भाळतो. ऐश्वर्याचा झगमगाट दूर झाल्यावांचून मनें जुळत नाहींत, हें तात्पर्य सर्वांस मान्य होईल. परंतु येथें झगमगाट दूर झाला तो खोट्या नांवाच्या आधारें. नाटकांत वेषांतर गोड लागतें. व्यवहारांत मात्र आपलें मोठेपण लपवून जो दुसऱ्याचें मन अजमावतो, तो परीक्षकच राहतो, आणि समोरच्या माणसास नकळत परीक्षेस बसावें लागतें. लोकप्रिय नायक अनोळखी होऊन साध्या मुलीस भेटतो, अशा कथा आम्हांस अपुऱ्या वाटतात त्या याच कारणानें.

आतां रंगभूमीवरून घराकडे वळूं. बालगंधर्वांचें लुगडें नेसणें, त्यांची केशरचना, त्यांचें फुलें माळणें यांचें अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत असत. त्या स्त्रियांचें प्रेम ज्या सुंदरीवर होतें ती पडदा पडल्यावर कोठेंच नसे. असे तो एक दमलेला संसारी पुरुष. ‘मानापमाना’च्या त्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच त्यांची लहान मुलगी वारली, आणि तरीही खेळ झाला. या कलानिष्ठेचें महाराष्ट्रानें शंभर वर्षें कौतुक केलें आहे, आणि तें गैर नव्हे. परंतु त्या मुलीच्या आईचा विचार कितीकांनीं केला ? ज्याचा वेळ, ज्याचा कंठ, किंबहुना ज्याचें दुःखसुद्धां आधीं लोकांच्या मालकीचें होऊन बसलें, त्याच्या घरच्या स्त्रीच्या वांट्यास काय उरतें ? आपली आवडती कथा लग्नाच्या मंगलाष्टकांशीं संपते, आणि हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. लोकप्रिय पुरुषानें वरिलेली मुलगी उंच आसनावर चढली असें लोक समजतात. पुष्कळदां ती लोकांनीं घेऊन उरलेल्या वांट्याची धनीण झालेली असते.

याच आयुष्यांत दुसरी एक हकीकत आहे. गोहरबाई कर्नाटकी यांस सामान्य मुलगी म्हणतां येणार नाहीं. त्या स्वतः गायिका होत्या. परंतु आधीं त्या नारायणरावांच्या गायकीच्या भक्त होत्या, आणि मग त्यांच्या सहचारिणी झाल्या. १९३८ सालीं त्या त्यांच्या नाटक मंडळींत आल्या. १९४० सालीं नारायणरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई निवर्तल्या. १९५१ सालीं या दोघांचा विवाह झाला. वैभवाचे दिवस तोंवर सरले होते. पुढें नारायणरावांचे पाय लुळे पडले. १९६४ सालीं गोहरबाई गेल्या व १९६७ सालीं नारायणराव. गोहरबाईंविषयीं महाराष्ट्राचें एकमत कधींच झालें नाहीं. कोणी त्यांस बोल लाविला, कोणी त्यांच्या सेवेची वाखाणणी केली. त्या वादाचा निकाल देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. तथापि दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. लक्ष्मीबाईंच्या मनाचा विचार या वादांत फारसा कोणीं केला नाहीं, ही एक. आणि दुसरी ही कीं, टाळ्यांचा कडकडाट थांबल्यावर जें राहिलें, त्यासच प्रेम हें नांव देतां येईल. सुरावर भाळणें सर्वांस साधतें. सूर थकल्यावर माणसापाशीं राहणें फार थोड्यांस.

यावर कोणी म्हणेल कीं, प्रेम हें दानच आहे. तें हक्कानें कोण मागणार? हें खरें आहे. परंतु प्रेम मागतां येत नसलें तरी प्रेमांतला मान मागतां येतो. येथें आम्हांस औंधच्याच इतिहासाची आठवण होते. राजे भवानराव पंतप्रतिनिधि हे स्वतः चित्रकार, कलांचे आश्रयदाते व प्रजेस प्रिय असे राजे होते. ते केवळ दयाळू राहते तरी लोकांनीं त्यांस दुवाच दिला असता. परंतु दयाळू राजाच्या प्रजेस राजापुढें ‘नाहीं’ म्हणतां येत नसतें. महात्मा गांधींच्या सल्ल्यानें तयार झालेली घटना भवानरावांनीं १९३९ सालीं अमलांत आणली आणि ग्रामपंचायतींच्या पायावर राज्याचा कारभार लोकांच्या हातीं दिला. संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. पण त्या कृतीचा अर्थ विलीन झालेला नाहीं. मोठ्यानें खालीं उतरून लहानाची पाठ थोपटणें निराळें, आणि आपणांस नाकारण्याचें बळ त्याच्या हातीं देणें निराळें.

लोकप्रिय प्रियकराकडून अपेक्षा धरावयाची ती याच दुसऱ्या गोष्टीची. जिला ‘नको’ म्हणतां येतें, जिला खरें काय तें सांगितलें जातें, जिचें शिक्षण, काम व नांव त्याच्या प्रकाशांत पुसून जात नाहीं, तिचाच होकार होकार होय. मुलगी कोवळ्या वयाची असेल तर हें बळ तिच्या अंगीं अजून यावयाचें असतें. अशा वेळीं प्रौढ पुरुषानें आपला हात मागें घेणें हाच एक सभ्यपणा आहे. तिच्या मनोराज्यानें त्याला परवानगी मिळत नाहीं.

आणि त्या मुलीस काय सांगावें ? गाणें ऐकूं नको असें आम्ही सांगणार नाहीं. सुरानें तिच्या मनांत जें जागें झालें तें तिचें स्वतःचें आहे, गायकाचें नव्हे. ‘सामान्य’ हा शब्द दूरच्या माणसानें दिलेला असतो. जवळून पाहणाऱ्यास कोणतीही मुलगी सामान्य दिसत नाहीं. जो तिला निवडील त्याची कीर्ति तिनें खुशाल पाहावी. परंतु त्याच्यापुढें ‘नाहीं’ म्हणून आपण ताठ उभ्या राहूं शकतों कीं नाहीं, हें आधीं पाहावें. तसें राहतां येत असेल, तर मग तिचा ‘हो’ कोणाच्याही प्रसादाहून मोलाचा आहे.