मूकपटाशी बोलायला बसू

दिवेलागण होऊ द्या. भोपाळच्या मोठ्या तलावावरचा वारा घराकडे वळला की खिडकी उघडी ठेवून बसा. पडदा कुठलाही चालेल, टीव्हीचा, लॅपटॉपचा, अगदी मोबाइलचाही. मोबाइल असेल तर तो कशाला तरी टेकवून ठेवा, कारण हातात असला की अंगठा स्वस्थ बसत नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ या मूकपटाचं जे उरलं आहे ते इंटरनेटवर फुकट पाहायला मिळतं. ते लावा आणि आवाज पूर्ण बंद करा. त्यावर अलीकडे कुणी सतार चढवली असेल, कुणी सिंथेसायझर. आज दोन्ही नको.

आणखी एक करा. माणसं तुरुतुरु पळताना दिसली तर चित्राचा वेग पाऊणपट करा. त्या काळी कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चौकटींच्या आसपास. तीच फीत पुढच्या काळातल्या चोवीस चौकटींच्या वेगानं चालवली की राजाही धांदरट दिसतो आणि ऋषीही. ‘जुने सिनेमे म्हणजे माकडउड्या’ हा समज निम्मा त्यातून आला आहे. वेग उतरला की बघा, हरिश्चंद्राच्या चालीत एकदम वजन येतं.

आता बसा. बाहेरून स्कूटरचा आवाज येईल, अजान येईल, शेजारच्या कुकरची शिट्टी येईल. येऊ द्या. आपण समाधी लावायला बसलेलो नाही.

सुरू करण्याआधी जोडलेले हात सोडा. ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार आहे, टपाल तिकीट आहे, शाळेतल्या धड्यात ते भारतीय सिनेमाचे ‘जनक’ आहेत. इतक्या हारांखालून माणूस दिसेनासा होतो. जनकाचं चित्र म्हणून बघायला बसलात तर आदरानं पाच मिनिटं बघाल आणि मग डुलकी घ्याल. त्र्यंबकेश्वरच्या एका खटपट्या भिक्षुकपुत्राचं चित्र म्हणून बघा. त्यानं जे. जे.मध्ये चित्रकला शिकली, बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी केली, रविवर्म्याच्या छापखान्यासाठी ठसे केले आणि मध्येच स्वतःचं आडनाव उलटं फिरवून ‘प्रोफेसर केळफा’ या नावानं जादूचे प्रयोगही केले. या माणसाला तुम्हाला चकवायचं आहे. चकवून घ्या.

पहिलं दृश्य. राजा आपल्या मुलाला धनुर्विद्या शिकवतो आहे, राणी जवळ आहे. कॅमेरा हलत नाही. आपल्या डोळ्यांना आता अशी सवय झाली आहे की दोन-तीन सेकंदांत दृश्य बदललं नाही तर ते स्वतःच अस्वस्थ होतात. ती अस्वस्थता येईल. तिला थोडा वेळ द्या, तिच्याशी भांडू नका. मग डोळे आपसूक हिंडायला लागतात. राजाकडून मुलाकडे जातात, मुलाकडून मागच्या झाडोऱ्याकडे. आजच्या सिनेमात कुठे बघायचं ते दिग्दर्शक ठरवतो. इथे त्यानं चौकट मांडली आणि बाकी तुमच्यावर सोपवलं. धनुष्य धरलेला तो रोहिदास म्हणजे फाळक्यांचा थोरला मुलगा भालचंद्र. बापानं खरोखरच्या मुलाला पडद्यावर दुसऱ्या बापाच्या हाती दिलं आहे आणि स्वतः कॅमेऱ्याच्या बाजूला उभा आहे. मुलाची नजर कुठे जाते ते बघा.

आता तारामती. हे अण्णा साळुंके. ग्रँट रोडच्या एका हॉटेलात दहा रुपये पगारावर काम करत होते. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. बायका मिळेनात, कारण सिनेमात काम करणं तेव्हा लाजेचं होतं. स्त्रीपार्टी मिळाले तर मिशा काढायला तयार होईनात, कारण मिशी बाप गेल्यावरच काढायची. या मंडळींना फाळक्यांनी सांगून ठेवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो म्हणावं. हे सगळं आठवून तारामतीकडे बघितलं की हसू येईल. हसा. हौदातल्या स्नानाच्या दृश्यात तर हसाच, तिथे ओल्या लुगड्यांतली ती सगळी मंडळी पुरुषच आहेत. पण हसून झाल्यावरही बघत राहा. थोड्या वेळानं साळुंके मागे पडतात आणि पदर सावरणारी एक बाई उरते. हे नेमकं कधी घडलं ते पकडायचा प्रयत्न करा. मला अजून ते पकडता आलेलं नाही, आणि त्यासाठीच मी ही फीत पुन्हा पुन्हा लावतो.

शिकारीला गेलेला राजा विश्वामित्राच्या यज्ञाशी येतो. ज्वाळांत बायका दिसतात. इथे थांबा, हवं तर मागे जाऊन पुन्हा बघा. एकाच फितीवर दोनदा चित्र घ्यायचं, कॅमेरा थांबवून माणूस हटवायचा आणि पुन्हा मूठ फिरवायची, असे हे खेळ. त्यांना संगणक नव्हता. फार मोजून, फार जपून मूठ फिरवणारा हात होता. या हाताचा धीर कसला होता ते समजायचं तर वाटाण्याची गोष्ट आठवावी. सिनेमासाठी भांडवल हवं होतं आणि सावकाराला खात्री पटवायची होती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा मांडला आणि दिवसाला थोडं थोडं असं महिनाभर चित्रण केलं. पडद्यावर काही क्षणांत कोंब आला, वेल चढला. ते बघून यशवंतराव नाडकर्णी पैसे द्यायला तयार झाले. तुम्ही आत्ता दहा मिनिटं बसला आहात. तो माणूस महिनाभर एका वाटाण्यापुढे बसला होता.

आणि तो एकटा नव्हता. परदेशातून कच्ची फिल्म यायची, तिला कडेला भोकं नसत. अंधारात हातानं ती भोकं पाडणं, रसायनं तयार करणं, फीत धुणं, उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडणं आणि वर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, हे त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी केलं. पडद्यावर त्या दिसत नाहीत. पण साळुंक्यांच्या गालावरचा उजेड एखाद्या दृश्यात जरा मऊ वाटला तर चादर आठवा. तो उजेड त्यांच्या चादरीचाच असेल असं मी शपथेवर सांगणार नाही. बघताना मात्र मी तसं धरून चालतो.

मग चित्र तुटतं. पहिलं रीळ संपतं आणि जे पुढे लागतं ते शेवटचं. मधली दोन गेली. उरलेली फीतसुद्धा 1913 ची की 1917 साली फाळक्यांनी पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांत वाद आहे. व्हिडिओ इथे थांबवा. काळ्या पडद्याकडे थोडा वेळ बघत राहा.

भारतात बोलपट येईपर्यंत आणि त्यानंतरची दोन-तीन वर्षं धरून तेराशेच्या आसपास मूकपट झाले. पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसेक उरले. नायट्रेटची फीत पेट घ्यायची, नाहीतर डब्यातच चिकट होऊन कुजायची. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकता यायची. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात, म्हणजे 1964 साली स्थापन झालेल्या एनएफएआयमध्ये, पी. के. नायर यांनी नाशिकला फाळक्यांच्या घरच्या मंडळींपर्यंत जाऊन तुकडे गोळा केले, म्हणून आज आपल्यापुढे हे आहे. कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांची ‘सैरंध्री’ गेली. 1925 ची मूक ‘सावकारी पाश’ गेली, ज्यात तरुण व्ही. शांताराम होते. मराठी माणूस हळहळतो ती सहसा गडकिल्ल्यांच्या पडझडीवर. मला ‘सावकारी पाश’ची हळहळ जास्त वाटते, कारण किल्ल्याचा निदान चौथरा राहतो.

पण कधीकधी काही परतही येतं. कोलकात्याच्या मादन कंपनीचा 1919 चा ‘बिल्वमंगल’ पॅरिसच्या सिनेमाथेकमध्ये निघाला आणि 2016 साली त्याची प्रत भारतात आली. तेव्हा या काळ्या पडद्याकडे बघताना सुतकी चेहरा करू नका. कुठल्या तरी माळ्यावर कुठला तरी डबा अजून असेल.

पाय आखडले असतील. उठा, पाणी प्या, आणि दुसरी फीत लावा, ‘कालिया मर्दन’, 1919. तिचा बराच भाग टिकला आहे, आणि सगळा मूकपट सोडून एकच दृश्य बघायचं असेल तर ते हिच्या सुरुवातीला आहे.

पडद्यावर एक सहा-सात वर्षांची मुलगी येते. मंदाकिनी, फाळक्यांची लेक. गोष्ट सुरू व्हायच्या आधी ती फक्त चेहऱ्यावर भाव आणून दाखवते. हसते, रुसते, चिडते. बाकी काही नाही. मग बघता बघता ती मुलगीच मुकुट-पोशाखातला कृष्ण होते. हा भाग एकदा सरळ बघा. दुसऱ्यांदा बघताना तिच्या डोळ्यांकडेच बघा. प्रत्येक भावाच्या शेवटी एक इवलासा क्षण आहे. भाव संपलेला असतो, पुढचा यायचा असतो, आणि मधल्या फटीत ती कॅमेऱ्यापलीकडे कुणाकडे तरी बघते आहे असं वाटतं. बरोबर झालं का, असं विचारावं तसं. पलीकडे कोण असणार हे आपल्याला माहीत आहे. शंभर वर्षांपूर्वीची ती विचारणा आवाजाविना आहे, म्हणून तिचं उत्तर तुमच्या तोंडून येतं. माझ्या तोंडून ‘छान गं’ निघालं होतं, मोठ्यानं.

इथवर मी तुम्हाला गप्प बसवलं, ते या ‘छान गं’साठी. मूकपट हा मौनात बघायचा प्रकारच नव्हता. तंबूत आणि थिएटरात तबला-पेटी चालायची, पाट्या वाचता येणारा माणूस न येणाऱ्यांसाठी त्या मोठ्यानं वाचायचा, आणि देव पडद्यावर आला की लोक नमस्कार करायचे. पडद्यावर बोललेला शब्द नव्हता तेव्हा ती जागा बघणारे भरून काढत. खुद्द फाळक्यांचं असंच झालं. 1910-11 च्या सुमाराला गिरगावात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट बघितला. पुढे त्यांनी लिहून ठेवलं की डोळ्यांपुढून ख्रिस्त जात असताना मनात त्यांना कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या दिसत होती. सरस्वतीबाईंनाही त्यांनी तो दाखवला. तो ख्रिस्त बोलत असता, इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये, तर गोकुळाला आत यायला वाट मिळाली असती का? मला नाही वाटत. आपल्याकडच्या कथापटांची सुरुवात एका रसिकानं दुसऱ्याच्या मुक्या चित्रात स्वतःची गोष्ट घातली म्हणून झाली.

म्हणून पुढच्या वेळी एकट्यानं बसू नका. भोपाळ तर बोलघेवडं गाव. जुन्या शहरात दुकानं बंद झाल्यावर पटियांवर बसून रात्र रात्र गप्पा झोडणं, ज्याला इथे पटियेबाजी म्हणतात, ही या गावची जुनी विद्या. इथे आलेल्या मराठी घरांनीही ती उचलली आहे. भारत भवनात नाटकाचं रंगमंडल आणि चित्रांचं रूपंकर आहे तसा सिनेमासाठी ‘छवि’ हा विभाग आहे. (भारत भवन उघडलं 1982 साली. त्याच वर्षी इटलीतल्या पोर्देनोनेला मूकपटांचा महोत्सव सुरू झाला, आणि 1994 साली तिथे भारतीय मूकपट मांडले गेले. जगभरचे वेडे तिथे आजही पियानोच्या साथीनं जुनी चित्रं बघतात.) पण आपल्याला तेवढ्या थाटाची गरज नाही. गच्चीवर एक पांढरी भिंत आणि भाड्याचा प्रोजेक्टर पुरे. तबला येणारा भाचा असेल तर त्याला बसवा.

पोरांना पाट्या मोठ्यानं वाचायला लावा. चुकीचं वाचू द्या. ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण डोहात शिरतो, खाली नागाशी झुंज चालू असते आणि वर काठावर गोकुळ हवालदिल झालेलं असतं. चित्र एकदा खाली जातं, एकदा वर येतं. तेव्हा आजी काय म्हणते तिकडे कान ठेवा. ती बहुधा यशोदेशी बोलत असेल. कुणी साळुंक्यांबद्दल विचारलं तर ‘लंकादहन’चं सांगा. 1917 च्या त्या चित्रात राम आणि सीता दोन्ही साळुंकेच होते.

आणि ‘राजा हरिश्चंद्र’ मध्येच तुटलं की प्रोजेक्टर थांबवा आणि ‘पुढे काय झालं?’ म्हणून विचारा. रिळं नाहीत, गोष्ट आहे. कुणी काशीचा बाजार सांगेल, कुणी डोंबाघरची चाकरी, कुणी रोहिदासाला साप चावला तिथे एकदम उडी मारेल आणि दुसरा त्याला मागे ओढेल. एखादा तरी विश्वामित्राची बाजू घेणारा निघतोच. त्याला पुरतं बोलू द्या, तोवर आतून कुणीतरी दुसऱ्यांदा चहा टाकेल. शेवटचं रीळ काही पळून जात नाही.